आकडे झाकलेलं गणित

"थिअरी सगळी तोंडपाठ आहे हो मॅडम, पण न्यूमरिकल समोर आला की हिचे हातपाय गळतात."

अकरावी-बारावीच्या युनिट टेस्टचे मार्क हातात पडले की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ऐकू यायला लागतं. बोलणारी आई कधी इंदिरानगरची असते, कधी नाशिकरोडची. "हिचे" ऐवजी कधी "ह्याचे" येतं, एवढाच काय तो फरक. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर मार्क, घरात पेढे, मग कॉलेज रोडवरचा नामांकित क्लास, आणि सहा महिन्यांत फिजिक्समध्ये जेमतेम पास. बल, गती, विद्युतधारा, चुंबकत्व, कुठलाही धडा घ्या. व्याख्या येते, नियम येतो, सूत्रही येतं. उदाहरण सुटत नाही.

घरात कारणं ठरलेली असतात. गणित कच्चं आहे, मोबाइल हातातून सुटत नाही, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. यात थोडंफार तथ्य असतंही. पण यातल्या बऱ्याच मुलांना मी समोर बसवून उदाहरण सोडवायला सांगते, आणि तेव्हा जे दिसतं ते या तिन्हींपेक्षा वेगळं असतं.

सायलीचंच सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत. बारावी सायन्स, वडिलांचं सातपूर भागात मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आई घरी शिवणकाम करते. मुलगी हुशार, बोलायला चुणचुणीत. फिजिक्सचं नाव काढलं की मात्र मान खाली.

मी तिला लिफ्टचं उदाहरण दिलं. ५० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर काटा किती बल दाखवेल? माझं वाचून संपायच्या आत तिने ५० आणि २ खाली रेघ मारली होती. एफ इज इक्वल टू एमए. शंभर न्यूटन. पेन खाली.

"लिफ्ट थांबलेली असताना काटा किती दाखवत होता?"

"पाचशे. जी दहा धरला तर."

"म्हणजे लिफ्ट वर निघाली की माणूस एकदम पाचव्या हिश्श्याचा झाला?"

ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. "हे मला कळतं मॅडम. पण तेव्हा सुचत नाही."

"तेव्हा म्हणजे नेमकं कधी?"

"आकडे दिसले की. यात कुठला फॉर्म्युला बसतो ते लगेच सापडलं पाहिजे असं वाटतं. नाही सापडला की धडधडायला लागतं. बाकीच्यांचं लिहून पण झालेलं असतं."

"आणि फॉर्म्युला लिहिला की?"

तिने जरा विचार केला. "मग बरं वाटतं. निदान काहीतरी लिहिलं."

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. सूत्र लिहिलं की धडधड थांबते, उत्तर चुकलेलं असलं तरी थांबते. चूक कळते ती आठवड्याने, पेपर परत मिळाल्यावर. सुटका मात्र त्याच क्षणी मिळते. मन कशाची सवय लावून घेणार? मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. भावनेच्या मुळाशी बहुधा एक हट्ट सापडतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. इथला हट्ट असा, की वाचता क्षणी मला मार्ग दिसायलाच हवा, आणि 'अजून कळलेलं नाही' ही अवस्था मला मिनिटभरही सोसणार नाही. दीर्घ श्वास मीही शिकवते, त्याने हात थरथरायचे थांबतात. हट्ट जागच्या जागी राहतो.

तुला एवढं लगेच कळायलाच हवं असं कुठे लिहिलंय, हे आम्ही बरेच दिवस बोललो. तिला ते पटायचंही. पण वही उघडली की पुन्हा तेच, रेघ मारा, सूत्र शोधा. अशा मुलांना पटवून फार काही होत नाही. तो मिनिटभराचा अंधार त्यांना एकदा सुखरूप पार करून दाखवावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी मी तिच्याच क्लासच्या शीटमधलं एक उदाहरण घेतलं आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवली. उरलं ते असं. एका डीसी मोटरच्या आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरत्या वेटोळ्याचा, रोध अमुक आहे. अमुक व्होल्टच्या पुरवठ्यावर ती पूर्ण वेगाने फिरते तेव्हा बॅक ईएमएफ अमुक असतो. मोटरमधून वाहणारी धारा काढा. मोटर फिरायची अडली, तर धारा किती होईल?

"पण यात आकडेच नाहीयेत."

"नाहीत."

"मग सोडवू कसं?"

"सोडवू नकोस. यात काय घडतंय तेवढं सांग."

बराच वेळ ती गप्प होती. पेन हातात फिरत होतं, सूत्राला काही खाद्य मिळत नव्हतं. मी मुद्दाम मदत केली नाही. या शांततेत तोंड उघडायचा मोह आम्हा समुपदेशकांना, शिक्षकांना आणि आयांना सारखाच होतो.

"अडली म्हणजे जाम झाली ना?"

"हो."

"मग जळेल ती."

"तुला काय माहीत?"

"पप्पांकडे येतात ना! दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या. पंपात काहीतरी अडकतं, मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते. कुणाच्या लक्षात येईपर्यंत वाइंडिंग काळं झालेलं असतं. उघडली की वार्निश जळाल्याचा वास येतो." आता ती खुर्चीत पुढे सरकली होती.

"फिरत असताना का जळत नाही?"

पुन्हा शांतता. पण ही शांतता वेगळी होती, तिची नजर खाली नव्हती. मग तिने कोपऱ्यात एक गोल काढला, दोन वायरी काढल्या, एक बाण आत, एक बाण उलटा.

"फिरत असताना ती स्वतःच थोडा व्होल्टेज बनवते. उलट्या बाजूचा. म्हणजे पुरवठा ढकलतोय आणि ही त्याला अडवतेय. दोघांच्यातला जो फरक उरतो, तेवढ्यावरच करंट जातो." ती थांबली. "आणि फिरायची थांबली की अडवणारं कुणीच नाही. सगळाच्या सगळा व्होल्टेज त्या एवढ्याशा रेझिस्टन्सवर!"

मी पट्ट्या काढल्या. रोध २ ओहम, पुरवठा २२० व्होल्ट, बॅक ईएमएफ २१० व्होल्ट. तिने विचारलं नाही की कुठला फॉर्म्युला. २२० वजा २१०, भागिले २, पाच अँपिअर. जाम झाल्यावर २२० भागिले २, एकशे दहा अँपिअर.

"बावीस पट!" ती जवळजवळ ओरडलीच. "म्हणून जळते!" मग शीट उलटंसुलटं करून बघत म्हणाली, "हा क्लासमध्ये चुकला होता माझा. मी दोन्ही व्होल्टेजची बेरीज केली होती."

तो तास मी फार जपून ठेवला आहे. मोटर कशी जळते हे त्या मुलीला लहानपणापासून माहीत होतं. बॅक ईएमएफची, म्हणजे त्या उलट्या व्होल्टेजची, व्याख्याही पाठ होती. या दोन गोष्टींची भेट व्हायला मध्ये मिनिटभराची उसंत लागत होती, आणि आकडे तेवढी उसंत देत नव्हते. (शेतातल्या मोटरी एसी इंडक्शनच्या असतात, त्यांचं गणित पुस्तकातल्या डीसी मोटरसारखं सरळ नसतं. जाम झाल्यावर त्या साधारण पाच ते सात पट करंट खेचतात. हे मला नंतर तिच्या पप्पांनीच समजावलं, आणि आनंदाने समजावलं.)

तेव्हापासून या तक्रारीचं कुणीही आलं की मी आधी पट्ट्या कापायला घेते. यामागे निव्वळ माझा अनुभव आहे असंही नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची (Chi) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला होता. फिजिक्सची उदाहरणं नवशिक्यांना आणि जाणकारांना दिली आणि गट पाडायला सांगितलं. नवशिक्यांनी उताराची एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे असे ढीग केले. जाणकारांनी ऊर्जा टिकते ती एकीकडे, न्यूटनचा दुसरा नियम लागतो ती दुसरीकडे, असे केले. आपल्या मुलांना वरचं दिसतं आणि आतलं दिसत नाही, कारण आत बघायला ती थांबतच नाहीत.

थांबल्यावर जे बाहेर येतं ते दर वेळी बरोबर असेलच असं नाही. उलट, खऱ्या चुका तेव्हाच कळतात. चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला पोहोचला. त्या क्षणी त्याच्यावर बल किती? न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी मुलं बिनदिक्कत "शून्य" सांगतात. वेग शून्य असतो. गुरुत्वबल कुठेही गेलेलं नसतं, त्वरण तेव्हाही खालच्या दिशेने ९.८ च असतं. गती आहे तिकडे बल असलंच पाहिजे, असं ॲरिस्टॉटलपासून पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं मोठमोठी माणसं मानत होती. न्यूटनचा ग्रंथ आला १६८७ साली. मानवजातीला एवढा वेळ लागला, तिथे सतरा वर्षांच्या पोरीला एक सहामाही जास्त लागली तर घरात सुतक पाळायचं कारण नाही.

सायलीच्या वडिलांना मी एकदा बोलावून घेतलं. ते म्हणाले, "हिच्या अभ्यासातलं आपल्याला काय कळतंय मॅडम, आम्ही तार गुंडाळणारी माणसं." मी त्यांना मायकेल फॅरेडेची गोष्ट सांगितली. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, गणिताचं शिक्षण जवळपास नाहीच. १८३१ मध्ये लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं, आणि चुंबकाभोवतीच्या बलरेषा मनात बघून विचार केला. त्याची समीकरणं मॅक्सवेलने पुढे मांडली. म्हणजे चित्र आधी आलं, आकडे मागून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कड्यावर वेढे किती होते?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यांना मी एकच काम दिलं. रोज जेवताना "आज किती सुटले?" हे विचारणं बंद, त्याऐवजी "आजच्या एका उदाहरणात काय चाललं होतं?" एवढंच. एकदा मुंबईहून येताना बापलेकीत कसाऱ्याच्या इंजिनांवर बोलणं झालं. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती इगतपुरीला सुटतात. का? चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. सायलीने आधी आकडा बाजूला ठेवून सांगितलं, की सपाटीवर इंजिनाला घर्षणाशी आणि हवेशी झगडावं लागतं, घाटात गाडीच्या वजनाचाच एक भाग तिला मागे ओढत असतो. मग आकडा घातला. हजार टनांची गाडी असेल तर सत्तावीस टन वजनाएवढा जोर फक्त मागे घसरू नये म्हणून. हे सगळं ती मला फोनवर धापा टाकत सांगत होती.

पालकांना शेवटी आकडा हवाच असतो, म्हणून देते. सहामाहीला थिअरीच्या ७० पैकी १९ होते, प्रिलिमला ४१ झाले. चमत्कार म्हणावा असं काही नाही. पण पेपर कोरा सोडायचं तिने बंद केलं.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न. "सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात मॅडम, तिथे कुठला विचार करत बसणार?" बरोबर आहे, एका प्रश्नाला चोपन्न सेकंद येतात. पण चोपन्न सेकंदांत सोडवणारी मुलं सूत्रं जास्त वेगाने शोधत नसतात, त्यांना प्रसंग ओळखीचा वाटतो. ती ओळख घाईत होत नाही. दोन महिने रोज चाळीसऐवजी चार उदाहरणं करा, पण आकडे झाकून. वेगाचं नंतर बघू. क्लासवाल्यांना हे आवडणार नाही, त्यांच्या शीट मागे पडतील. पडू द्या.

आणि ही पट्टी सगळ्यांना लागू पडत नाही. ज्या मुलाला साइन-कोसाइन, सदिश किंवा साधी समीकरणंच येत नाहीत, त्याने माझ्याकडे पैसे घालवू नयेत, गणिताच्या शिक्षकाकडे जावं. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आहे, त्याचं फिजिक्स आज बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

बाकीच्यांनी सुरुवात गतीच्या नियमांपासून करावी. आकडे झाका. वस्तू एका ठिपक्याएवढी काढा आणि तिला कोण ढकलतंय, कोण ओढतंय, तेवढेच बाण काढा. गती ज्या दिशेला आहे त्या दिशेला सवयीने बाण निघाला, तर विचारा, हे बल लावतंय कोण? नाव सांगता आलं नाही तर बाण खोडा. विद्युतधारेत आधी बोटाने वायर धरून पूर्ण फेरी मारा आणि दिवा आता जास्त पेटेल की कमी, ते बोलून टाका. चुंबकत्वात आधी दिशा, किती ते नंतर. मगच पट्टी काढायची. उत्तर आल्यावर लिफ्टमधल्या माणसाचं काय झालं, ते एकदा बघायचं. मूल अडलं तर शेजारी बसा, पण पहिली दोन मिनिटं काही बोलू नका.