वाचकांचे प्रश्न : ‘स्टार ट्रेक’च्या कादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची जुनी मालिका दूरदर्शनवर पाहिली होती, आता पुन्हा पाहून संपवली. पुस्तकं वाचायची म्हटलं, तर यादी शेकड्यांनी निघाली. पहिलं कोणतं घ्यावं? (सांगली)

उत्तर : आधी पुस्तकाची जात ओळखा. काही पुस्तकं म्हणजे टीव्हीवरचे भागच गोष्टीरूपात लिहिलेले. बाकीच्या स्वतंत्र कादंबऱ्या. भागांवरून लिहिलेल्या गोष्टी जेम्स ब्लिश यांच्या : १९६७ ते १९७७ या काळातली बारा पुस्तकं, पहिल्यात सात गोष्टी. ब्लिश यांच्यापुढे चित्रित भाग नसे, पटकथा असे आणि तीही बऱ्याचदा आधीचा खर्डा. त्यामुळे संवाद वेगळे, क्वचित शेवटही वेगळा. नावांतही गफलत होते : पहिला प्रसारित भाग ‘द मॅन ट्रॅप’ पुस्तकात ‘द अनरिअल मॅकॉय’ नावाने सापडेल. रोज झोपण्यापूर्वी एक गोष्ट, एवढाच त्यांचा उपयोग. त्या पडद्यावरचंच सांगतात, तेही घाईघाईने.

सुरुवात स्वतंत्र कादंबरीने करा. व्होंडा मॅकिन्टायर यांची ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ (१९८१) घ्या. यानाचा कप्तान कर्क, त्याचा खून होतो आणि तो टाळायला त्याचा सहकारी स्पॉक याला काळात मागे जावं लागतं. मूळ मालिकेची ओळख असली की पुरे. जुन्या पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक पाहून दचकू नका. ते प्रकाशनाचे क्रमांक आहेत, कथेचे नव्हेत. सतरावं आधी वाचलं तरी काही अडत नाही.

प्रश्न : कादंबरीत वाचलेलं पुढच्या मालिकेत नेमकं उलट दाखवलं. मग खरं काय मानायचं? (ठाणे)

उत्तर : रिवाज असा की पडद्यावर आलं ते पक्कं, पुस्तकातलं कच्चं. नव्या मालिकेच्या लेखकांवर कादंबरीचं बंधन नसतं. कधीकधी मात्र पुस्तकातलं पडद्यावर चढतं : कर्कचं यान चालवणाऱ्या सुलूचं ‘हिकारू’ हे पहिलं नाव ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’मधलं, चित्रपटात ते उच्चारलं गेलं थेट १९९१ साली.

उलट उदाहरण जॉन एम. फोर्ड यांच्या ‘द फायनल रिफ्लेक्शन’चं (१९८४). यातले क्लिंगॉन, म्हणजे लढवय्ये परग्रहवासी, १९८७ नंतरच्या मालिकांतल्या क्लिंगॉनांशी जुळत नाहीत. म्हणून ती टाकून देणं हा करंटेपणा ठरेल. कर्क स्वतः एक कादंबरी वाचतोय आणि तीच आपल्या हातात आहे, अशी तिची मांडणी. म्हणजे ‘हे घडलं का?’ हा प्रश्न लेखकाने दारातच निकालात काढलाय. ‘क्लिन झा’ या पटावरच्या खेळाकडे लक्ष ठेवून वाचा, क्लिंगॉन माणूस कसा विचार करतो ते त्यातून कळतं.

एकच सावधगिरी : २००१पासून बऱ्याच कादंबऱ्या एकमेकींना जोडून लिहिल्या गेल्या आणि ती साखळी २०२१ साली ‘कोडा’ या तीन पुस्तकांनी बंद केली. ‘कोडा’पासून सुरुवात म्हणजे लग्न चुकवून थेट वरातीमागून निघण्यासारखं.

प्रश्न : ‘अ स्टिच इन टाइम’ची फार तारीफ ऐकली, पण पन्नास पानांत धागा हरवला. काय चुकतंय? (नाशिक)

उत्तर : बहुधा तुम्ही मालिका न पाहता पुस्तकाला हात घातलात. ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच दुसऱ्या मालिकेतला गॅरक, म्हणजे शिंप्याचं दुकान चालवणारा माजी हेर, अँड्र्यू रॉबिन्सन यांनी साकारला आणि हे पुस्तकही (२०००) त्यांनीच लिहिलं. अंतराळ स्थानकावरच्या डॉक्टर बशीरला गॅरकने लिहिलेलं लांबलचक पत्र, असा त्याचा घाट. त्यात तीन काळ आलटून-पालटून येतात : बामारेन या शाळेतलं लहानपण, अंतराळ स्थानकावरचे युद्धाचे शेवटचे दिवस, आणि युद्धानंतर कार्डेसिया या त्याच्या मूळ ग्रहावरच्या ढिगाऱ्यात काढलेला काळ. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘शा’, ‘स्था’ किंवा ‘ढि’ लिहा.

दुसरी अडचण नावांची. त्या शाळेत मुलांना नावं नसतात, गट आणि क्रमांक असतो; गॅरक तिथे ‘टेन लुबाक’ आहे. खरी नावं पुढे उघड होतात. मागच्या कोऱ्या पानावर क्रमांकांची यादी करून समोर जागा सोडा.

मालिकेचे १७६ भाग आहेत. सगळे जमणार नसतील, तर पहिल्या सत्रातला ‘पास्ट प्रोलॉग’, दुसऱ्यातला ‘द वायर’, तिसऱ्यातले ‘इम्प्रोबेबल कॉज’ व ‘द डाय इज कास्ट’, सहाव्यातला ‘इन द पेल मूनलाइट’ आणि शेवटचा ‘व्हॉट यू लीव्ह बिहाइंड’ एवढे पाहा. ‘द वायर’ तर चुकवूच नका. कार्डेसियातून झालेल्या हद्दपारीचं कारण गॅरक तिथे तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा वेगळं. असा माणूस साडेतीनशेहून जास्त पानं ‘मी’ म्हणून बोलतोय, हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक वाक्याला नवी धार येते. टीव्हीवर गॅरकच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधता येतो. इथे फक्त शब्द आहेत.

प्रश्न : तांत्रिक इंग्रजी झेपत नाही. (लातूर)

उत्तर : शब्दकोश बंद ठेवा. ‘वार्प’ म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास, ‘फेझर’ हत्यार, ‘ट्रायकॉर्डर’ हातात धरायचं तपासणी यंत्र; एवढ्यावर निभावतं. बिघडलेल्या इंजिनाची लांबलचक वर्णनं बव्हंशी शब्दांचा फुलोरा असतात, बेलाशक गाळा. ‘स्टारडेट’, म्हणजे मालिकेतल्या तारखा, यांचा हिशेबही लावत बसू नका.

प्रश्न : जुन्या प्रती फुटपाथवर मिळतात. घेताना काय पाहावं? (मुंबई)

उत्तर : खिशात मावणारी ही पुस्तकं स्वस्त लगद्याच्या कागदावर छापलेली आणि शिवणीऐवजी डिंकाने चिकटवलेली असतात. पिवळेपणा चालेल. कोपरा हलकेच दुमडून सरळ करा. तुकडा पडला तर प्रत सोडा. डिंक वाळून ठिसूळ झालेला असतो, म्हणून पुस्तक सपाट उघडू नका. नाहीतर मधली पानं गठ्ठ्याने हातात येतील. शेवटची पानं शाबूत आहेत का ते बघून घ्या. आणि मुखपृष्ठच नसेल तर समजा की ती प्रत विकण्यासाठी नव्हतीच : अमेरिकेत न खपलेल्या अशा पुस्तकांची फक्त मुखपृष्ठं फाडून प्रकाशकाकडे परत जातात आणि उरलेलं पुस्तक रद्दीत घालायचं असतं.