किट विमान: पहिला रिव्हेट ठोकण्याआधी

सुट्या भागांच्या किटमधून स्वतः विमान बांधायचं असेल तर सुरुवात शेपटीच्या किटपासूनच करा. आरव्ही-७ सारख्या ॲल्युमिनियमच्या विमानातलं पत्राकाम तिथेच हाताखालून जातं आणि एखादा पत्रा वाया गेला तरी पंखाच्या मानाने फटका कमी बसतो.

खरा घोळ रिव्हेटिंगमध्ये, म्हणजे धातूच्या खिळ्यासारखे रिव्हेट ठोकून पत्रे जोडताना होतो. एडी-४ या मापाच्या रिव्हेटचा व्यास १/८ इंच. ठोकण्याआधी दांडा पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट दिसला पाहिजे. ठोकल्यावर दांडा चेपून बनणारं मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच, म्हणजे अंदाजे ४.८ आणि १.६ मिलिमीटर. दांडा लांब घेतला की आडवा झोपतो; बकिंग बार (मागून टेकवायचा जड ठोकळा) तिरका धरला तरी तेच. किंचित वाकडं डोकं मापात बसत असेल तर त्याला हात लावू नका. रिव्हेट काढताना भोक मोठं होतं आणि आगीतून फुफाट्यात पडायला होतं. काढायचाच असेल तर ३० नंबरच्या ड्रिलने फक्त पुढच्या, आधीपासून तयार असलेल्या डोक्याच्या जाडीइतकं खोल जा, पंचने डोकं मोडा, मागे लाकडाचा आधार देऊन दांडा हलकेच बाहेर ठोका.

डिंपल करण्याआधी (रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खळगा पाडण्याआधी) डावे-उजवे भाग शेजारी मांडून मार्करने खुणा करा. दोन डावे एलेव्हेटर (शेपटीचे वर-खाली हलणारे भाग) करून बसणारे कमी नाहीत!

विमानाच्या एएन-३ मापाच्या बोल्टला टॉर्क (आवळण्याचा पीळ) २० ते २५ इंच-पाउंड. लॉकनट (आपोआप सैल न होणारा घट्ट नट) नुसता फिरवायला लागणारा जोर आधी मोजून त्यात मिळवा, नाहीतर ठरलेल्या टॉर्कला वाजणारा पाना ‘टक्’ वाजेल आणि बोल्ट ढिलाच राहील.