वाचकांचे प्रश्न : घरातील चिलटांचा बंदोबस्त

प्रश्न : आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी चौदा-पंधरा कुंड्या आहेत. गेल्या दीड महिन्यापासून कुंडीला हात लागला की बारीक काळी चिलटे उठतात आणि वाचताना-लिहिताना तोंडाभोवती घोंघावतात. मी रोज संध्याकाळी कीटकनाशकाचा फवारा मारते. रात्र बरी जाते, पण सकाळी पुन्हा तितकीच चिलटे दिसतात. व्हिनेगरचा वाडगाही ठेवून पाहिला, त्यात जेमतेम एक-दोन पडली. आता काही झाडांची खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. सगळ्या कुंड्यांची माती बदलावी का?

उत्तर : माती बदलण्याची घाई करू नये. कुंडीला धक्का लागताच उठणारी, फार दूर न उडणारी आणि व्हिनेगरकडे न फिरकणारी ही चिलटे मातीतील बुरशीवर वाढणारी, स्कियारिडी कुळातील आहेत. पिकलेल्या फळांवर घोंघावणारी चिलटे ती वेगळी. म्हणूनच त्यांच्यासाठीचा उपाय येथे लागू पडला नाही.

आपण फवारता ते उडणाऱ्या चिलटांवर, आणि त्यांचे आयुष्य मुळात आठवडाभराचेच असते. खरी वस्ती मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांच्या थरात आहे. एक मादी ओलसर मातीत १०० ते २०० अंडी घालते. सुमारे २४ अंश सेल्सिअस तापमानाला तीनेक दिवसांत अळ्या बाहेर पडतात, दहा दिवस खातात, चार दिवस कोशात राहतात आणि मग उडू लागतात. म्हणजे आज संध्याकाळी आपण हवेतील एकूण एक चिलट मारले, तरी उद्या सकाळी कोशातून निघणारी नवी तुकडी तयारच असते. दीड महिना फवारूनही संख्या का घटली नाही, याचे कारण एवढेच आहे. राहत्या खोलीत रोज कीटकनाशक मारणे आपल्या श्वासालाही बरे नाही, तेव्हा ते आजच थांबवावे.

कोणत्या कुंडीत वस्ती आहे, हे आधी शोधावे. कच्च्या बटाट्याची बोटभर जाडीची चकती कापून तिची कापलेली बाजू ओल्या मातीवर नीट टेकवून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी ती उचलून उजेडात खालून पाहावी. पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्या बटाट्याला चिकटून वळवळताना दिसतील; प्रत्येकीच्या टोकाला डोक्याचा चकचकीत काळा ठिपका असतो आणि अंगातून आतील अन्नाची रेघही दिसते. एकदा हे डोळ्यांनी पाहिले, की फवाऱ्याची बाटली उचलावीशी वाटत नाही. सगळ्या कुंड्यांत एकाच वेळी चकत्या ठेवाव्यात. बहुतेक वेळा दोन-तीन कुंड्यांतच गर्दी असते आणि त्या नेमक्या जास्त पाणी मिळणाऱ्या निघतात.

उपायांत पहिला मान पाणी कमी करण्याला द्यावा, कारण त्याच्याशिवाय बाकीचे उपाय टिकत नाहीत. मातीत बोट खुपसून पाहावे आणि वरचा इंच-दीड इंच थर कोरडा लागेपर्यंत पाणी घालू नये. कोरड्या थरात अंडी व लहान अळ्या जगत नाहीत आणि मादीलाही तेथे अंडी घालणे आवडत नाही. कुंडी अर्धा तास पाण्याच्या थाळीत ठेवून खालून पाणी शोषू दिले, तर वरचा थर कोरडा राहतो. मात्र थाळीत उरलेले पाणी ओतून टाकावे आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वरून भरपूर पाणी घालून मातीत साठलेले क्षार धुऊन जाऊ द्यावेत. पाने पिवळी पडण्याचे कारणही माझ्या मते अळ्यांपेक्षा या अतिपाण्यातच शोधावे, कारण सतत भिजलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. चांगल्या मुरलेल्या मोठ्या झाडाला या अळ्या सहसा मारत नाहीत. नुकतीच उगवलेली रोपे आणि मुळे फुटू लागलेली छाटकलमे यांना मात्र त्या खरोखर धोक्याच्या आहेत, कारण कोवळ्या मूळकेसांवर त्या तुटून पडतात.

नेच्यांसारखी झाडे कोरडी ठेवता येत नाहीत. त्यांच्यासाठी 'बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्रायलेन्सिस' हा जिवाणू, ज्याला थोडक्यात बीटीआय म्हणतात, फार उपयोगी आहे. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका साचलेल्या डबक्यात तो सापडला आणि पुढे जगभर डासांच्या अळ्यांवर वापरला जाऊ लागला. पाण्यात मिसळून तो कुंडीत घातला, की अळ्या मातीबरोबर त्याचे विषारी स्फटिक गिळतात आणि त्यांचे आतडे फाटते. माणसे, मांजरे-कुत्री आणि मधमाश्या यांना त्याचा अपाय होत नाही. अंडी, कोश आणि उडणारी चिलटे यांवर मात्र त्याचा परिणाम शून्य असतो आणि मातीत त्याचा जोर थोडेच दिवस टिकतो. त्यामुळे एकदाच घालून 'गुण आला नाही' असे म्हणणे बरोबर नाही; वेष्टनावरील प्रमाण पाळून आठवड्याच्या अंतराने निदान तीन वेळा तो घालावा लागतो. स्टाइनरनेमा फेल्टिए नावाचे परोपजीवी सूत्रकृमीही हेच काम करतात, पण ते जिवंत असल्याने ताजे मिळाले तरच घ्यावेत.

पिवळे चिकट सापळे जरूर लावावेत, पण मातीलगत आडवे, कारण ही चिलटे जमिनीशीच घुटमळतात. त्यांनी काही माद्या अडकतात हे खरे, तरी मला त्यांचा मोठा उपयोग मोजणीसाठी वाटतो : दर आठवड्याला पट्टी बदलून किती अडकली ते लिहून ठेवावे, म्हणजे उपाय लागू पडतो आहे की नाही हे अंदाजावर सोडावे लागत नाही. मातीवर वाळूचा थर पसरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण वरून पाणी घालत राहिल्यास ती वाळूही ओलीच राहते आणि कुंडीच्या तळाच्या भोकांतून चिलटांची ये-जा चालूच राहते. त्यावर भिस्त ठेवू नये. कोकोपीटची किंवा खतमातीची अर्धी वापरलेली, ओलसर पिशवी कोठे उघडी पडली असेल तर ती आधी पाहावी. पुष्कळदा उगम तेथेच असतो. नवे रोप आणल्यावर दोन-तीन आठवडे ते इतरांपासून दूर ठेवावे.

प्रश्न : स्वयंपाकघरात व्हिनेगरचा सापळा ठेवला आहे. रोज वीस-पंचवीस चिलटे मरतात, पण तीन आठवडे झाले तरी ती संपत नाहीत. फळे तर आम्ही शीतकपाटात ठेवतो. सापळ्यात काही चुकते आहे का?

उत्तर : सापळा उत्तम चालला आहे, उगम अजून सापडलेला नाही, एवढीच अडचण आहे. आपली चिलटे म्हणजे ड्रॉसोफिला, तांबूस अंगाची आणि लाल डोळ्यांची. मराठीत त्यांनाही फळमाशी म्हणतात, पण बागेतील फळे पोखरणारी फळमाशी निराळी, आकाराने मोठी असते. ड्रॉसोफिलाला ताजे फळ नको असते. आंबू लागलेल्या पदार्थातील यीस्ट हे तिचे खाणे. २५ अंशांना अंड्यापासून उडत्या माशीपर्यंत तिला दहाच दिवस लागतात. याच झपाट्यामुळे ती प्रयोगशाळेत आली आणि थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० साली तिच्या पांढऱ्या डोळ्यांच्या एका नरावरून आनुवंशिकतेचे जे काम उभे केले, त्याला १९३३ चे नोबेल मिळाले. एक मादी आयुष्यात चारशे-पाचशे अंडी घालू शकते. रोज वीस-पंचवीस मारूनही ती का संपत नाहीत, हे यावरून ध्यानात येईल.

तेव्हा आंबलेली ओल शोधावी. माझ्या स्वतःच्या घरी एकदा दोन आठवडे शोध चालला होता. फळे झाकली, कचऱ्याचा डबा धुतला, तरी फरक पडेना. शेवटी बटाट्याची टोपली पूर्ण रिकामी केली तेव्हा तळाशी एक बटाटा सापडला. वरून साल शाबूत होती, खालून तो पार पाणी झाला होता आणि टोपलीच्या विणीत तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून बारीक कोश ओळीने चिकटलेले होते. टोपली कढत पाण्याने घासून उन्हात वाळवली, त्यानंतर दहा-बारा दिवसांत चिलटे नाहीशी झाली. आपणही टोपल्या नुसत्या वरून न पाहता रिकाम्या कराव्यात. न विसळता ठेवलेल्या सरबताच्या बाटल्या, कचऱ्याच्या डब्यात पिशवीखाली साठलेला रस, ओट्याच्या आणि शेगडीच्या फटीत गेलेला फळाचा तुकडा, न वाळणारे फडके किंवा पोछा, एवढे तरी तपासावेच.

सापळा तोवर चालू ठेवावा. सफरचंदाचे व्हिनेगर पांढऱ्यापेक्षा चांगले, कारण त्याला फळाचा वास असतो. त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब मात्र हवाच. साबण नसेल तर माशी पृष्ठभागावर अलगद उभी राहून पिते आणि उडून जाते, साबणाने पाण्याचा ताण मोडला की ती लगेच बुडते. उगम काढल्यानंतरही आधीच्या कोशांतून निघालेल्या माश्या काही दिवस दिसतील, म्हणून लगेच निराश होऊ नये.

प्रश्न : मोरीतून केसाळ, पतंगासारखी बारीक माशी येते. उकळते पाणी ओतले की दोन दिवस कमी होते. कायमचा उपाय कोणता?

उत्तर : ती नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढते. ओतलेले पाणी असो वा ब्लीच, ते या थरावरून वाहून जाते आणि आतील अळ्या बचावतात. रात्री जाळीवर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावावी. सकाळी तिला माश्या चिकटल्या असतील तर तीच मोरी. जाळी काढून लांब दांड्याच्या ताठ ब्रशने नळीच्या कडा घासाव्यात, थर खरवडून काढावा आणि मगच गरम पाणी ओतावे. आठवडाभर हे रोज करावे. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही ओतू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : ज्या फळावर चिलटे बसली होती ते खाल्ले तर अपाय होतो का?

उत्तर : फळ घट्ट आणि साल अखंड असेल तर धुऊन खावे. मऊ पडलेला किंवा आंबूस वास येणारा भाग मोठा कापून टाकावा, कारण अंडी तेथेच असतात. चुकून पोटात गेलेल्या अंड्यांनी सहसा काही होत नाही. पण हीच माशी कचऱ्यावरून आणि मोरीवरून येऊन कापलेल्या फळावर बसते व जंतू आणते, म्हणून चिरलेली फळे उघडी ठेवू नयेत.