झोळीला दोन स्प्रिंगा: खालीवर की शेजारी?

प्रश्न: नातू नऊ महिन्यांचा आहे, वजन 9 किलो. छताच्या हुकाला स्प्रिंग आणि तिला झोळी, अशी आमच्याकडे सोय आहे. स्प्रिंग आणली तेव्हा कडीपासून कडीपर्यंत 30 सेंटिमीटर होती. आता झोळी काढून ठेवली तरी 33 भरते. जावई म्हणतात, तशीच दुसरी आणून हिच्याखाली अडकवू, भार निम्मा निम्मा वाटला जाईल. शेजारचे काका म्हणतात, गॅसवर तापवून दाबली की पूर्वीसारखी होईल. कोणाचं ऐकू?
— एक आजी, ऐरोली

उत्तर: ताई (आजी म्हणायला मी काही लहान नाही), दोघांचंही ऐकू नका.

वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात मी 31 वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. ठरलेलं वजन लावायचं, ताण मोजायचा, वजन उतरवायचं आणि स्प्रिंग मूळ लांबीवर आली का ते बघायचं. नाही आली की माल बाद. तुमची स्प्रिंग माझ्यापुढे आली असती तर मी दुसऱ्यांदा मोजलीही नसती.

पोलाद मर्यादेत ओढलं तर हिशोबाला चोख असतं. 1 किलोला 1 सेंटिमीटर ताणलं जात असेल, तर 10 किलोला 10. रॉबर्ट हूकने हा नियम 1676 साली अक्षरं उलटसुलट करून कोड्यासारखा छापला, म्हणजे कोणी चोरू नये. उत्तर फोडलं 1678 साली. आमच्या कारखान्यातही जुने कारागीर आपली युक्ती अशीच लपवायचे! पण मर्यादा ओलांडली की पोलादाच्या आतले थर एकमेकांवरून सरकतात आणि परत जागेवर येत नाहीत. तुमचे 3 सेंटिमीटर तिथे गेले.

आता जावईबापूंचं गणित. नातू 9 किलो, झोळी, गादी, दांडी मिळून 1. एकीखाली दुसरी अडकवली तर वरचीला 10 किलो आणि खालचीलाही 10 किलोच. विहिरीचा दोर दोन तुकड्यांना गाठ मारून केला म्हणून एकेका तुकड्याला अर्धीच घागर पेलावी लागते का? उलट दोन्ही स्प्रिंगा 10-10 सेंटिमीटर ताणून झोळी 20 सेंटिमीटर खाली येईल. भार वाटायचा तर त्या शेजारी शेजारी टांगायला हव्यात. मग एकेकीवर 5 किलो. पण तेव्हा ताण 5 सेंटिमीटरच, आणि झोळी सेकंदाला दोनदा वरखाली व्हायला लागते. बाळाला झोप यायची, की हादरे बसायचे?

काकांचा उपाय तर धोक्याचाच. लाल होईपर्यंत तापवलेली तार मऊ पडते. स्प्रिंग दाबून दिसायला बरी होईल, पण पहिल्याच वजनाला पुन्हा लांबेल.

एकच नवी घ्या, पण जाड तारेची आणि जास्त वेटोळ्यांची. स्प्रिंग ओढली की तार फारशी लांबत नाही, ती पिळली जाते. म्हणून घेर आणि वेटोळी तेवढीच ठेवून 3 मिलिमीटरऐवजी 4 मिलिमीटर तार घेतली, तर स्प्रिंग तिपटीहून जास्त कडक होते. वेटोळी वाढवली की हा कडकपणा उतरतो आणि जाड तारेचा दम मात्र राहतो. दुकानात निदान 20 किलो झेलणारी मागा. 20 का? स्प्रिंग सैल असताना बाळाला झोळीत ठेवून हात झटकन काढला, तर 10 किलोचा ओढा क्षणभर 20 चा होतो. हात सावकाश काढायचा. थोरलं नातवंड झोळीला लोंबकळत असेल तर त्याला आवरा. मला तर संशय त्याचाच आहे.

स्प्रिंगच्या जोडीने हुकापासून थेट झोळीच्या दांडीपर्यंत एक मजबूत साखळी सैल सोडून ठेवा. स्प्रिंग तुटलीच तर झोळी साखळीवर राहील. बहुतेक वेळा ती मधल्या वेटोळ्यात तुटत नाही, कडीच्या वाकणाशी तुटते. खाडीच्या हवेने गंजही तिथे लवकर धरतो, तेव्हा दर आठवड्याला तिथे फडकं फिरवून तडा दिसतो का बघा.

जुनी स्प्रिंग आजच भंगारवाल्याला द्या. घरात राहिली तर कोणीतरी ती पुन्हा टांगणारच.