चार ब्लाऊजपीस आणि एक मासा

नागपूरच्या मनीषनगरहून एका बाईंचं चार पानी पत्र आलंय, खाली सही 'वहीच्या मागची'. वय 54. फोनवर बोलताना, भिशीचा हिशेब करताना यांचा हात आपोआप चालत राहतो, मासे, वेली, ठिपके, जे सुचेल ते. मिस्टर म्हणाले टाइमपास आहे, मुलगा पुण्यावरून म्हणतो आई क्लास लाव नाहीतर इन्स्टावर तरी टाक. मधल्या दोन महिन्यांत बाई चारदा अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या म्युझियममध्ये, जाऊन आल्या आणि तिथं जीव रमला. प्रश्न असा की ताई, या वयात क्लास लावू का, की हे नुसतं खूळ आहे?

आणि मग शेवटच्या पानावर, जाता जाता एक ओळ: 'घरी मी बर्डीच्या बाजारात मॅचिंगला जाते म्हणून सांगते, येताना एखादा ब्लाऊजपीस घेते म्हणजे झालं.'

बाई, क्लासचं राहू द्या. आधी ते ब्लाऊजपीस काढा कपाटातून. चारदा गेलात म्हणजे चार झाले, आणि त्यातला एकही शिवायला टाकला नसणार, पैज लावते.

काहून हो? तुम्हाला अडवलं कोणी? चारही पानं दोनदा वाचली, नको जाऊ म्हटल्याचं एक वाक्य शोधून राहिली, सापडलं नाही. मिस्टर एकदा टाइमपास म्हणाले, तेही टीव्ही बघत, हे तुम्हीच लिहिलंय. खोटं त्यांनी बोलायला लावलं नाही, ते तुम्ही स्वतःहून बोलून राहिल्या. तुम्हाला वाटलं असेल ताई आता म्हणेल अगं बाई किती सोसलंस. नाही म्हणत. मला राग आला, आणि राग यासाठी आला की ही युक्ती मला ओळखीची आहे. बाई बाहेर पडली तर येताना हातात पिशवी पाहिजे, भाजीची नाहीतर कापडाची. रिकाम्या हातानं आली की ती 'फिरत होती'. हा कायदा आता घरात दुसरं कोणी चालवत नाही, आपणच चालवतो आणि वर दर खेपेला ब्लाऊजपीसचा दंडही भरतो.

आता तुम्ही काय लपवून राहिल्या ते बघा. तुम्ही लिहिलंय की एका दगडी मूर्तीच्या कमरपट्ट्याचे मणी मोजले, सतरा निघाले आणि अठरावा फुटलेला, तिथं नुसता खरबरीत दगड. घरी येऊन दुधाच्या हिशेबाच्या वहीत तोच पट्टा माशाच्या अंगावर काढला, आणि फुटक्या मण्याची जागा मोकळी सोडली. हे वाचता वाचता माझा चहा उतू गेला, खोटं नाही सांगत. मी शाळेच्या सहलीत त्याच दालनांतून पळत गेलेली पोरगी आहे, सगळा जीव त्या भुसा भरलेल्या प्राण्यांत, मूर्तींकडं ढुंकून पाहिलं नाही. 1863 पासून ते म्युझियम तिथं सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे, आणि आपण नागपूरकर एकदा लहानपणी जातो, मग पुढं जन्मभर पाहुण्यांना गाडीतूनच दाखवतो, ते बघा अजब बंगला. तुम्ही मात्र मणी मोजत उभ्या राहिल्या!

वयाचं म्हणाल तर रवींद्रनाथ टागोर कविता लिहिताना खोडलेल्या ओळी नुसत्या खोडून सोडायचे नाहीत, एक खोड दुसरीला जोडत जायचे, त्यातून चोची, चेहरे, कसले कसले प्राणी निघायचे. तेव्हा साठी उलटली होती. पुढं त्या नादातून चित्रांचा ढीग झाला आणि 1930 मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन लागलं, सत्तरीच्या उंबरठ्यावर. तुमचं पॅरिसला लागेल असं मी म्हणत नाही, उगाच हवेत जाऊ नका. पण खाडाखोडीतूनच सुरू झालं होतं ना ते, तुमचं दुधाच्या वहीतून होऊन राहिलंय, चाललंय तसं चालू द्या. क्लास नको. तिथं पहिल्या दिवशी माठ, दोन केळी आणि चुरगळलेली चादर समोर ठेवतील, एलिमेंटरीच्या परीक्षेसारखी, आणि तुमचा मासा महिन्याभरात गप होईल. इन्स्टा तर मुळीच नको, मुलाला म्हणावं तू तुझं बघ.

एकच करायचं. येत्या शनिवारी चपला घालताना मोठ्यानं सांगायचं, 'मी अजब बंगल्यात जाते, दोन तास लागतील.' बस. 'बर्डीवरून येताना' नाही, 'जरा काम होतं म्हणून' नाही. मिस्टरांनी काहून विचारलं तर 'पाहायला' म्हणायचं. ते मीपण येतो म्हणाले तर या वेळी नको, पुढच्या वेळी बघू असं सांगायचं, त्यांच्या गुडघ्याला बाक शोधण्यात तुमचे मणी राहून जातील. पेन घरी ठेवा, पेन्सिल न्या, शाईचा डाग दगडावर पडला तर निघत नाही, आणि मूर्तीसमोर बसून काढायचं असेल तर दारावर आधी विचारा. दुधाची वही नका नेऊ, चांगली कोरी वही घ्या, ती टीपॉयवर ठेवा, उशीखाली नाही.

आणि येताना बर्डीवर उतरायचं नाही. ब्लाऊजपीस खरंच लागत असेल तर सोमवारी जा, त्या दिवशी म्युझियम बंद असतं.