वाचकांचे प्रश्न : सप्ताह संपल्यावर कॉलेजात काय उरतं?

यंदाच्या टपालात कॉलेजांतल्या पर्यावरण कार्यक्रमांविषयी बरीच पत्रं आली. मी भूगोल शिकवायचे, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कामही बरीच वर्षं पाहिलं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. त्यातल्या तीन पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, एनएसएसची स्वयंसेविका आहे. जुलैत आमच्याकडे 'हवामान सप्ताह' आहे. बजेट १५,००० रुपये. बैठकीत फ्लेक्स, रॅली, पोस्टर स्पर्धा, पाहुण्यांचं व्याख्यान आणि २०० रोपं असं ठरलं. गेल्या वर्षीची रोपं मे महिन्यात वाळून गेली. पुन्हा तेच करायला मन घेत नाही. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं, त्याबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. सरांना काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सप्ताहाचा विषय तुझ्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. सरांकडे जाऊन 'हे नको, ते नको' म्हणू नकोस. 'सर, आपल्या कॉलेजात पाणी कुठवर आलं होतं, ती रेघ भिंतीवर रंगवूया का?' एवढंच विचार. सांगलीच्या माणसाला यापुढे काही समजावावं लागणार नाही.

आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची, हे तुमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. पण पुलावरचे ५७ फूट म्हणजे तुमच्या फिजिक्स लॅबमध्ये किती? ऑफिसातल्या कपाटाच्या कितव्या कप्प्यापर्यंत? हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. इमारतीला रंग दिला की खूण जाते आणि जुने शिपाईमामा निवृत्त झाले की आठवणही जाते. म्हणून आधी त्यांनाच गाठा. सफाईच्या मावशी, माळीकाका, ग्रंथालयातले सेवक, ज्यांनी चिखल उपसला त्या सगळ्यांना. त्या दिवसांत काढलेले फोटो मागवा. फोटोत पाण्यात अर्धी बुडालेली खिडकी दिसली, तर तिचा गज मोजून उंची काढता येते.

खात्रीची एक खूण मिळाली की गवंडी लेवल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. नळीत पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एकीने नळीचं एक तोंड खुणेशी धरायचं, दुसरीने दुसरं तोंड पुढच्या भिंतीशी. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येऊन थांबतं. 'थांबलं, थांबलं' अशी हाक आली की पेन्सिलीने रेघ मारायची आणि पुढे सरकायचं. अशी रेघ जिन्यावरून, व्हरांड्यातून, लॅबमधून फिरली की तिच्यावर ऑइल पेंट द्या आणि शेजारी वर्ष लिहा. २०१९ आणि २०२१ चे रंग वेगळे ठेवा. हे करताना मुलं गप्पच होतात, कारण रेघ बऱ्याचदा त्यांच्या डोक्याच्या वर असते.

मग रेघेच्या खाली काय काय आहे ते टिपून काढा. मेन स्विचबोर्ड, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, केमिस्ट्रीची ॲसिडं, परीक्षा विभागाची जुनी रजिस्टरं, ग्रंथालयाचे खालचे कप्पे. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं २०१९ मध्ये भिजली, हे तुमच्याच गावात घडलं आहे. सप्ताहाचा शेवटचा दिवस व्याख्यानाऐवजी हे सामान वर न्यायला ठेवा. वीज कुणी बंद करायची, किल्ल्या कुणाकडे, कितव्या फुटाला काय हलवायचं, हे एका कागदावर लिहून ऑफिसात आणि वॉचमनच्या खोलीत लावा.

यात हवामान बदल कुठे आला, असं बैठकीत कुणी तरी विचारेलच. त्याला खरं तेच सांग. एखादा पूर निव्वळ हवामान बदलामुळेच आला असं म्हणता येत नाही. धरणांतला विसर्ग, नदीकाठची बांधकामं, बुजवलेले ओढे हीही कारणं आहेत. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे थोड्या दिवसांत खूप पाऊस पडण्याची शक्यता वाढते. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर रेघ पूर्ण झाल्यावर बोलवा आणि तिच्यासमोर उभं राहून बोलू द्या.

आता रोपं. २०० नकोत, १० पुरेत, कारण प्रश्न मे महिन्यातल्या पाण्याचा आहे. खड्डा खणायच्या आधी माळीकाकांना विचारा की नळ कुठवर पोचतो, पाइप किती लांब आहे आणि सुट्टीत त्यांच्याकडे आणखी कोणकोणती कामं असतात. कॉलेजजवळ राहणारी मुलं सुट्टीत पाळीने पाणी घालणार असतील तर त्यांची नावं आत्ताच लिहून घ्या. करंज, बहावा, कडुनिंब, जांभूळ लावा. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि पानं जाळायची पद्धत असेल तर ती बंद करा. गुलमोहर दिसतो सुंदर, पण तो मादागास्करचा. वाऱ्यापावसात त्याच्या फांद्या चटकन मोडतात, तेव्हा मुलांच्या वाटेवर नको.

फ्लेक्सचे पैसे वाचवून एक पर्जन्यमापक घ्या. हवामान खात्याची पद्धत सकाळी ८:३० ला नोंद घेण्याची आहे, तीच पाळा. वहीत तारीख, मिलिमीटर आणि नोंद घेणाऱ्याची सही. तुझी बॅच बाहेर पडताना वही खालच्या वर्गाच्या हाती द्या.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कॉलेजची सांस्कृतिक सचिव आहे. आमच्या गॅदरिंगला १,२०० जण जेवतात. या वर्षी कार्यक्रम 'शून्य कचरा' करायचा आहे. कॅन्टीनवाले काका म्हणतात, प्लास्टिकऐवजी कागदी कप आणि प्लेट घेतल्या की झालं. ते बरोबर आहे का?
— सांस्कृतिक सचिव, पुणे

उत्तर : नाही. चहाचा कागदी कप गळत नाही, कारण त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे तो ना रद्दीत जातो, ना खतात. कप पाण्यात भिजवून बोटाने सोलून बघा, पापुद्रा हातात येईल. काकांनाही दाखवा, रागावू नका. त्यांना मिळालं ते त्यांनी आणलं.

स्टीलची ताटं-वाट्या भांडी भाड्याने देणाऱ्या मंडपवाल्याकडे मिळतात. खरी अडचण धुण्याची. त्यासाठी माणसं लागतात, त्यांना मजुरी द्यावी लागते, आणि ती बजेटात पहिल्या ओळीत लिहा. 'मुलं धुतील' हे बैठकीत चांगलं वाटतं. रात्री साडेदहाला डीजे सुरू असताना कुणी फिरकत नाही आणि सगळं सफाईच्या मावशींच्या अंगावर पडतं. पर्यावरणाच्या नावाखाली त्यांचं काम वाढवायचं, हे मला अजिबात मान्य नाही. पिण्याच्या पाण्यासाठी पिंप आणि पेले ठेवा, छोट्या बाटल्या नकोत.

नियमही माहीत असू द्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटा, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर देशभर बंदी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी १०० पेक्षा जास्त माणसांच्या कार्यक्रमाचा कचरा जागेवरच वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकांवर टाकली. म्हणजे ओला-सुका वेगळा करणं ही तुमची हौस म्हणून नाही, तुमचं कामच आहे. प्रत्येक डब्याशी पहिला तासभर एक मुलगा किंवा मुलगी उभी करा. नुसती पाटी वाचून कुणी योग्य डबा शोधत नाही.

आणि तुम्ही पुण्यात आहात, तर कचरा वेचणाऱ्या बायकांना कार्यक्रमाच्या आधीच भेटा. 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारात उभी राहिली, पण तिच्या मागचं काम विद्यापीठातून सुरू झालं होतं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या बाई वेचक बायकांना अक्षरओळख शिकवायला गेल्या. दिवसभर उकिरड्यावर कचरा उपसायचा, तो ओला-सुका मिसळलेला, आणि पोलीस चोर समजून हटकणार, हे त्यांनी तिथे पाहिलं. कचरा घरातच वेगळा व्हावा आणि तो घ्यायचा हक्क या बायकांना मिळावा, ही मागणी त्यातून पुढे आली. नंतर याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. विद्यापीठातून निघालेलं याहून मोठं पर्यावरणाचं काम पुण्यात मला माहीत नाही. गॅदरिंगच्या स्टेजवर दहा मिनिटं त्यांच्यापैकी एकीला द्या. कुठलं पॅकिंग विकलं जातं आणि कुठलं कुणीच घेत नाही, हे ती तुम्हाला नेमकं सांगेल.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात प्राध्यापक आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'साठी ५ जून (पर्यावरण दिन) आणि २२ एप्रिल (वसुंधरा दिन) यांचे कार्यक्रम दाखवावे लागतात. जूनमध्ये मुलं सुट्टीवर आणि एप्रिलअखेर परीक्षा. मग चार मुलं उभी करून फोटो काढतो. याचा मला मनापासून त्रास होतो. काही मार्ग?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, तुमचा त्रास मला पोचला. पहिला वसुंधरा दिन १९७० मध्ये झाला. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची कल्पना होती की अमेरिकेतल्या कॉलेजांनी एक दिवस पर्यावरणावर बोलावं. २२ एप्रिल ही तारीख घेतली, कारण तिथली वसंतातली सुट्टी संपलेली असते आणि परीक्षा सुरू व्हायच्या असतात. तारीखच मुलांच्या सोयीने ठरली होती. आपण ती जशीच्या तशी उचलली आणि आपल्या परीक्षांवर आणून ठेवली. तुम्ही तुमच्या तारखा ठरवा आणि अहवालात कारण लिहा.

तुमच्याकडे विषय पाणीच हवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे आजच्या मुलांनी लहानपणी पाहिलं आहे. ऑगस्टच्या एका सोमवारी वर्ग दोघादोघांत वाटा आणि कॉलेजातला नळ न् नळ तपासायला लावा. गळत्या नळाखाली लिटरची बाटली धरायची आणि ती किती मिनिटांत भरते ते लिहायचं. वीस मिनिटांत भरली तर त्या एका नळाचं दिवसाला ७२ लिटर पाणी वाया जातं. यादी प्लंबरच्या हातात द्या, आणि महिन्याने त्याच जोड्यांनी तेच नळ पुन्हा तपासावेत. दोन्ही याद्या अहवालाला जोडा. फोटोपेक्षा त्या जास्त बोलतात.

दुसरं काम फेब्रुवारीत. छताची लांबी-रुंदी मोजा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,००० चौरस मीटर छत आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७ लाख लिटर होतं. काही वाया जाईल असं धरलं तरी टँकरच्या बिलाशेजारी हा आकडा ठेवून बघा. मुलांनी काढलेला हिशोब प्राचार्यांपुढे मार्चच्या आधी गेला, तर पन्हळी बसवून छताचं पाणी बोअरमध्ये मुरवायचं काम पावसापूर्वी होऊ शकतं. सुट्टीत ते काम गवंडी करतील, मुलं लागत नाहीत. म्हणजे ५ जूनला दाखवायला झालेलं काम असेल.