टॉवर गेला, तरी आवाज पोचतो

प्रश्न : २०१९च्या पुरात आमच्या निपाणी भागात मोबाईल मुके झाले होते. अशा वेळी हॅम रेडिओवाले, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं बिनतारी सेट चालवणारे, नेमकं काय करतात? माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला शिकता येईल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, आमच्या सेटला टॉवर लागतच नाही. बारा व्होल्टची गाडीची बॅटरी आणि फणस ते नारळ अशी ताणलेली वीसेक मीटर तार, एवढ्यावर माझं ४० मीटर बँडचं (म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या रेडिओलहरींचं) स्टेशन चालतं. तार मुद्दाम जमिनीपासून कमी उंचीवर बांधायची. म्हणजे लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि वातावरणाच्या आयनथरावरून (खूप उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतात. मधे खानापूरचे डोंगर असले तरी अडत नाही. गावातल्या गावात दोन मीटर बँडचा हातात मावणारा सेट पुरतो.

खरं कसब मात्र निरोपात आहे. एकदा सरावात खरखरीमुळे मी ‘हलशी’चं ‘हलगा’ ऐकलं. खऱ्या पुरात होडी कुठल्या कुठे गेली असती! तेव्हापासून गावाचं नाव एकेक अक्षर सुटं सांगायचं – ‘शी’ म्हणजे इंग्रजी S, H, I, त्यासाठी सिएरा, हॉटेल, इंडिया – आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं. किती माणसं, आजारी कोण, औषध कुठलं, बस्स. ‘कसं काय, जेवलासा?’ नंतर.

पैसे कुणी घेत नाही. नियमानंच मनाई आहे. मुलीला जरूर बसवा. दूरसंचार विभागाच्या परीक्षेला बारा वर्षं पूर्ण लागतात. परवान्याआधी सेटचं बोलायचं बटण दाबायचं नाही, नुसतं ऐकायचं.